ठिपके लागेपर्यंत

हुपरीची सकाळची एसटी कोल्हापूरच्या स्टँडला लागली की वर्षाराणी सगळ्यात शेवटी उतरायची. आधी उतरलं तर खाली उभी असलेली माणसं आपल्याला मदत करतात, असा तिचा अनुभव होता. कोल्हापूरकराचं काळीज मोठं आणि हात त्याहून मोठा. पांढरी काठी दिसायचा अवकाश, कुणीतरी तिचं मनगट धरायचं, "चला ताई, पलीकडं सोडतो" म्हणायचं, आणि तिला कुठं जायचंय हे विचारायच्या आत रस्त्यापलीकडं नेऊन उभं करायचं. पुण्य पदरात पाडून तो निघून गेला की ही पुन्हा अलीकडं यायच्या खटपटीला लागायची. एका दिवशी तिनं स्टेशन रोड पाच वेळा ओलांडला होता आणि त्यात एकदाही स्वतःच्या मनानं नव्हे.

"मनगट धरू नगा, पावणं," ती प्रत्येकाला सांगायची. "मी तुमचं कोपर धरते आनि अर्धं पाऊल मागनं येते. ज्याला दिसत न्हाय त्यानं धरायचं असतंय, दिसतंय त्यानं न्हाय."

माणूस "बरं बरं" म्हणायचा आणि मनगट आणखी घट्ट धरायचा. पंधरा वर्षांत कोपराची ही साधी गोष्ट एकालाही जमली नव्हती.

वर्षाराणी जन्मापासून आंधळी, वय बेचाळीस, शाहूपुरीतल्या एका पतसंस्थेत टेलिफोनवर नोकरीला. आवाज असा खणखणीत, की फोन नसता तरी काम अडलं नसतं. स्टँडपासून संस्थेपर्यंत सहाशे बारा पावलं. ती एकटी चालायची आणि दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा असायचा. घरी भाऊ, भावजय, पैंजणांचा कारखाना आणि त्यातली ठोकाठोक. ऑफिसात फोन. मधली सहाशे बारा पावलं मात्र कुणाच्या बापाची नव्हती. गुळाच्या अड्ड्यांचा गोडसर वास सुरू झाला की दोनशे, केरबाच्या गाड्यावर भडंगासाठी भाजत असलेल्या शेंगदाण्यांचा वास आला की साडेचारशे, आणि तिथून पुढं बंद पडलेल्या वखारीची लांबलचक दगडी भिंत. ती भिंत तिला ऐकू यायची. काठी आपटली की आवाज भिंतीवर जाऊन जवळच परत यायचा, शेजारून कुणीतरी आपल्याबरोबर चालल्यासारखा. भिंत संपली की आवाज मोकळा व्हायचा, आणि मग चाळीस पावलांवर संस्थेची पायरी.

हे सगळं गुढीपाडव्यानंतर बिघडलं, कारण फुटपाथ आंधळ्यांच्या सोयीचा करण्यात आला.

सोय म्हणजे पिवळी फरशी. तिच्यात दोन जाती. एकीवर उभ्या रेघा असतात. पायाखाली रेघा लागल्या की चालत राहायचं. दुसरीवर ठिपके असतात. ठिपके लागले की थांबायचं, पुढं रस्ता, पायरी नाहीतर धोका आहे. जगभर हीच पद्धत. ठेकेदाराला मात्र वाटलं ही नक्षी आहे. त्यानं हाताला येईल ती फरशी आवडेल तिथं बसवली. रेघा आधी तिला कडुलिंबाच्या बुंध्यावर घेऊन गेल्या, तिथून विजेच्या डीपीवर, आणि तिसऱ्या दिवशी एका उघड्या चेंबरमध्ये. हनुवटीला तीन टाके पडले. ठिपके मात्र एका ज्यूसच्या दुकानापुढं छान चौकोनात होते. दुकानदाराला ते फार आवडले.

धाकटा भाऊ अमरसिंह हादरला. तो तसाही तिच्यामागं चोरून बुलेटवरून यायचा. आपण आंधळ्या बहिणीच्या नकळत मागं आहोत असं समजणारा, आणि त्यासाठी बुलेट निवडणारा, जगात हा एकटाच माणूस असावा. "अमर, घरला जा," ती मागं न वळता म्हणायची आणि बुलेट लाजून बंद पडायची. पण ती जरा अडखळली तरी गाडी तशीच टाकून तो धावत यायचा.

टाके पडल्यावर त्यानं निर्वाणीचं सांगितलं. "आक्का, आता येकदा जरी पडलीस तर बास. सोबत मानूस दिल्याबिगर मी तुला घरातनं सोडनार न्हाय. जल्मभर कुनीतरी कोपराला पायजेच."

तिनं त्याच दुपारी ब्रेलमध्ये तक्रार लिहिली, मग कुणाला वाचता येईना म्हणून फोनला बोलून टाइप करवली, आणि फुटपाथ ज्यांच्या अखत्यारीत होता त्या खात्याला पाठवली.

महिनाभर काही झालं नाही. मग एका सोमवारी रेघा सरळ झाल्या.

रात्रीतून कुणी केलं कळलं नाही. कडुलिंबाला वळसा, डीपीला वळसा, चेंबरवर झाकण. पायाखाली रेघा अशा एकसारख्या, की तिला चालता चालता गाणं सुचलं. केरबाच्या भाजलेल्या दाण्यांचा वास आला. चारशे पन्नास. पुढं दहा पावलांवर रेघा अचानक डावीकडं वळल्या.

ती थांबली. डावीकडं भिंत होती. पंधरा वर्षं होती. तिनं काठी आपटली. आवाज गेला आणि परत आला नाही.

उलट तिकडून गार हवा आली, आणि तिच्यात जुन्या, ढेप फोडल्यावर येतो तसा गुळाचा वास. वखार अकरा वर्षं बंद होती.

"केरबा," तिनं हाक मारली, "भितीतनं रस्ता काढलाय व्हय रं?"

"न्हाय की ताई," केरबा झारा हलवत म्हणाला. "भित हाय की. फरशी जाऊन भितीला टेकलीया. ठेकेदार येडाच हाय."

तिनं काठी पुढं केली. टक. टक. रेघा पुढं होत्या. काठी हातभर गेली, मग आणखी हातभर. झाऱ्याचा आवाज थांबला.

"ताई," केरबा अगदी हळू म्हणाला, "काठी माघारी वढा."

"का रं?"

"वढा म्हंतोय न्हवं!"

तिनं ओढली. काय दिसलं ते केरबानं सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी शेंगदाण्यांचा वास रस्त्यापलीकडून येऊ लागला आणि वर्षाराणीचा साडेचारशेचा हिशेब कायमचा चुकला. पंचवीस वर्षांची जागा का सोडलीस म्हणून विचारलं तर म्हणाला, "हितं ऊन बरं लागतंय." तो मे महिना होता.

पुढच्या सोमवारी तक्रारीचं उत्तर आलं. उत्तर म्हणजे विश्वजित साहेब, खात्याचे तरुण इंजिनियर, सोबत मोबाईलवर व्हिडिओ काढणारा शिपाई. साहेब बोलायला गोड होता. त्याला तिच्याकडून एक पत्र हवं होतं: फरशीचं काम समाधानकारक असून अंध नागरिक आनंदात आहेत.

"फरशी भितीत जातीया," वर्षाराणी म्हणाली.

"तेवढं एक टोक आहे मॅडम. ते ठिपके टाकून बंद करू. तुम्ही सही द्या, म्हणजे अंगठा."

"सही येतीया मला," ती फणकारली. आंधळं माणूस म्हटलं की शाईचा पॅड पुढं करायचा, या गोष्टीवर तिनं अर्धं आयुष्य भांडणात घालवलं होतं. तिचं डोकं फिरलं ते तिथं. "आनि सही करते मी. पन आदी तुमी डोळं बांधून चालून दाखवा. मग समाधान का काय ते लिवते."

भिंतीतल्या मोकळ्या जागेबद्दल ती काही बोलली नाही. बोलली असती तर फाइलवर भलताच शेरा पडला असता. शिवाय तिची समजूत अशी, की जे काय आहे ते आपल्या काठीपुरतं आहे. डोळस माणसाला भिंत ती भिंतच. साहेबाच्या कपाळावर एक चांगलं टेंगूळ यावं, एवढीच तिची इच्छा होती. हे तिनं नंतर स्वतःशी अनेकदा कबूल केलं.

साहेब खेळकर निघाला. शिपायाच्या पंच्यानं डोळे बांधून घेतले. वर्षाराणीनं त्याला आपली जादाची घडीची काठी दिली. अॅल्युमिनियमची होती, तिचा एक सांधा सैल झाला होता, त्यामुळं प्रत्येक टकीनंतर ती खिण्ण असं वाजायची.

"रेघा लागत्यात तोवर चालायचं," तिनं शिकवलं. "ठिपके लागले की थांबायचं. मदी सोडायचं न्हाय. आनि कुनाला धरायचं झालं तर मनगट न्हाय, कोपर. आंगठा भायेरनं, चार बोटं आतनं."

"समजलं," साहेब म्हणाला आणि निघाला. टक-खिण्ण, टक-खिण्ण. बघ्यांची गर्दी जमली. कडुलिंब चुकला, टाळ्या. डीपी चुकला, शिट्ट्या. वर्षाराणी कान लावून टेंगळाची वाट बघत होती.

टक-खिण्ण. काठी डावीकडं वळली.

आवाज बदलला. लांब, पोकळ झाला, रिकाम्या विहिरीशेजारून गेल्यासारखा.

टाळ्या थांबल्या.

"साहेब," ती ओरडली, "थांबा!"

"का? ठिपके कुठं लागलेत अजून?" साहेब आतून म्हणाला. आवाज चांगला पन्नास पावलांवरून आला.

मग तोही आला नाही.

पुढं जो गोंधळ झाला त्यात गंमत अशी, की पन्नास डोळस माणसांपैकी एकानंही काही बघितलं नव्हतं. जो तो नेमका त्याच क्षणी आपल्या मोबाईलमध्ये बघत होता. शिपायाच्या व्हिडिओत भिंत होती, फरशी होती, आणि शिपायाचा अंगठा होता. वखारीचं कुलूप तोडलं. आत पारव्यांची घाण आणि फुटक्या काहिली, साहेब नाही.

हवालदारानं जबाब घ्यायला सगळ्यात आधी वर्षाराणीला बसवलं.

"तुम्ही काय बघितलं?"

"मी काय बघनार?"

"बरं, शेवटचं केव्हा बघितलं?"

"हवालदारसाहेब, मी कदीच न्हाय बघितलं त्यास्नी."

हवालदारानं बराच वेळ पेन चावलं. मग कागद पुढं सरकवला आणि शाईचा पॅडही. या वेळी तिनं भांडण काढलं नाही. गुपचूप अंगठा दिला. माणूस आपल्यामुळं गेला, आपल्या एका टेंगळाच्या हौसेपायी गेला, हे तिला जेवू देईना. संस्थेच्या बाथरूमात नळ सोडून ती पोटभर रडली.

साहेबाचा फोन सगळ्यांना बंद लागत होता. तिसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, तिनं सहज म्हणून लावला. दोन रिंगांत उचलला.

"बोला मॅडम!" साहेब खुशीत होता. मागं टक-खिण्ण, टक-खिण्ण चालूच. "फरशी काय एक नंबर बसलीय बघा. एक रेघ वाकडी नाही."

"साहेब, कुठं हाय तुमी?"

"कुठं म्हणजे? रेघेवर. पाच मिनिटं झाली असतील की."

"डोळ्यांची पट्टी काढा आदी."

"ती मगाशीच काढली," साहेब म्हणाला. टक-खिण्ण, टक-खिण्ण. "काय फरक पडला नाही."

वर्षाराणी खुर्चीवर बसली. मग पंधरा वर्षं वैतागलेल्या गिऱ्हाइकांना शांत करताना वापरलेला आवाज तिनं काढला. "साहेब, ऐका. तितंच मागं फिरा. तीच रेघ पायाखाली धरा आनि यायला लागा. हिकडच्या टोकाला मी ठिपके टाकते. ठिपके लागले की थांबायचं आनि हात फुडं करायचा. मी हुभी असनार. माजं कोपर धरायचं."

"मनगट नाही," साहेब हसला. "लक्षात आहे. फिरलो बघा." आणि फोन कटला.

वेळ थोडा होता. झाल्या प्रकारानं खातं हादरलं होतं आणि शुक्रवारी सकाळी सगळी फरशी उखडायला जेसीबी येणार होता. रेघाच गेल्या तर साहेब कशावरून येणार? ती तशीच उठून कडुलिंबाखाली गेली, ठेकेदारानं टाकून दिलेल्या ढिगात हात घालून चाचपू लागली. रेघा, रेघा, फुटकी, रेघा. शेवटी तळाशी ठिपके लागले. फरशी उचलवेना. तिनं केरबाला हाक मारली.

केरबा रस्ता ओलांडून आला, पण येताना एका रिक्षाला आणि एका सायकलीला धडकला.

"डोळं मिटून आलोय ताई," तो म्हणाला. "त्या भितीकडं बघनार न्हाय मी. तुमचं बरं हाय."

"मग तुला बी येक काठी देऊ काय?" ती म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिला हसू आलं. दोघांनी चाचपडत फरशी वाहून नेली. रेघा जिथं डावीकडं वळून आत जात होत्या, त्या उंबऱ्यावर तिनं ती स्वतःच्या हातानं बसवली, ठोकून, हलत नाही हे बघून. आतून गार हवा येत होती. केरबा भेलकांडत परत गेला.

त्या दिवशी कुणी आलं नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती पुन्हा जाऊन उभी राहिली. पलीकडं केरबाचा झारा वाजत होता. वखारीलगतच्या गल्लीच्या तोंडाशी बुलेट येऊन धुगधुगत थांबली. आज तिनं "घरला जा" म्हटलं नाही. कुणीतरी आपलं माणूस जवळ असलेलं तिला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला.

दीड वाजून गेल्यावर गुळाचा वास वाढला.

मग काठी ऐकू आली.

टक. टक. टक.

लांब होती, पण येत होती. आवाज जरा भरीव वाटला, लाकडाच्या काठीसारखा, आणि खिण्ण ऐकू येत नव्हतं. सांधा घट्ट बसला असेल, तिनं मनाशी म्हटलं. आत आवाज बदलतोच. तिनं पावलं मोजली. चाळीस. वीस. दहा.

टक.

ठिपक्यांवर काठी थांबली.

तिनं कोपर पुढं केलं. हवेत जरा चाचपून एका हातानं ते धरलं. अंगठा बाहेरून, चार बोटं आतून. ना ओढ, ना ताण. पंधरा वर्षांत कुणालाही जमलं नव्हतं तसं, अगदी बरोबर.

"आलासा व्हय साहेब!" तिचा आवाज फुटला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "लई दमलासा असशीला. चला. काय बोलू नगा."

तिनं एक पाऊल टाकलं. मागं अर्ध्या पावलानं दुसरं पाऊल पडलं, अनवाणी. तिनं दुसरं टाकलं. तेही पडलं. हात गार होता आणि त्याला गुळाचा वास होता.

पलीकडं केरबाचा झारा थांबला. शेंगदाणे करपल्याचा वास आला तरी तो सुरू झाला नाही.

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. तिचा फोन बोलका, कोण फोन करतंय ते आधी मोठ्यानं सांगायचा.

"विश्वजित साहेब फुटपाथ," तो म्हणाला. "विश्वजित साहेब फुटपाथ."

मोकळ्या हातानं तिनं फोन काढून कानाला लावला.

टक-खिण्ण, टक-खिण्ण.

"मॅडम, चाललोय हं," साहेब म्हणाला. "ठिपके अजून लागले नाहीत."

कोपरावरचा हात सुटला नाही. ती पुढं निघण्याची वाट बघत तो तसाच राहिला.

गल्लीच्या तोंडाशी बुलेट बंद पडली. "आक्का," अमरसिंह तिथूनच म्हणाला. आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तो धावत आला नाही.